सुशीबद्दल विचारायचा खरा प्रश्न: मासा गोठवलेला होता का?

प्रश्न असा आला आहे: "घरातली तरुण मंडळी महिन्यातून दोन-तीनदा सुशी खातात. तेल नाही, तूप नाही, मासा आहे, म्हणजे पौष्टिकच, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र कच्चा मासा पोटात जाणार या विचारानंच धास्ती वाटते. मला मधुमेह आहे. धाकटी बहीण गरोदर आहे आणि तिलाही सुशी फार आवडते. सुशी खरोखर आरोग्याला चांगली असते का? आणि ती सुरक्षित असते का?"

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि वीस वर्षांहून जास्त काळ माशांच्या तपासणीत घालवला आहे. गोठवण्यासाठी आलेल्या मालाचे नमुने तपासणं, कच्चा मासा वाढणाऱ्या स्वयंपाकघरांची पाहणी करणं हे माझं रोजचं काम. मी स्वतः सुशी खाते आणि आवडीनं खाते. त्यामुळे आधी थोडक्यात सांगते. निरोगी प्रौढ माणसानं काम जाणणाऱ्या ठिकाणी अधूनमधून सुशी खायला हरकत नाही. तुमच्या बहिणीनं बाळंतपण होईपर्यंत कच्च्या माशाची सुशी खाऊ नये. तुम्ही खाऊ शकता, पण तुमच्या बाबतीत माशापेक्षा भाताकडे जास्त लक्ष द्यावं लागेल.

आधी एक गैरसमज दूर करू. सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे. सुशी म्हणजे व्हिनेगर, साखर आणि मीठ घालून मुरवलेला भात आणि त्याच्यासोबत काहीतरी. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना साशिमी म्हणतात. काकडी घातलेली गुंडाळी, गोडसर अंड्याच्या वडीची निगिरी, तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला भात, उकडलेली कोळंबी, भाजलेली वाम ही सगळी सुशीच, आणि यातल्या एकातही कच्चा मासा नाही. आंबट भाताचं मूळही टिकवण्याच्या खटाटोपात आहे. पूर्वी मीठ लावलेला मासा भातात दाबून महिनोन्‌महिने आंबवायचे. जपानच्या बिवा सरोवराकाठी फुनाझुशी अजूनही तशीच करतात. हातानं दाबलेल्या भातावर माशाचा काप ठेवून लगेच वाढायची निगिरी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, एदो शहरातली, म्हणजे आजच्या टोकियोतली. आंबवणं गेलं आणि व्हिनेगर आलं, तसं भाताचं रक्षण व्हिनेगरकडे राहिलं. माशाचं रक्षण मात्र दुसऱ्या कशानं तरी करणं भाग झालं.

तुमची भीती कच्च्या माशाची आहे, म्हणून जंतांपासून सुरुवात करते. समुद्री माशात सापडणारा सगळ्यात महत्त्वाचा जंत म्हणजे अनिसाकिस. तो व्हेल, डॉल्फिन अशा समुद्री सस्तन प्राण्यांच्या पोटात वाढतो, त्याची अंडी पाण्यात जातात, त्यातून निघालेल्या अळ्यांना क्रिलसारखे बारीक जीव खातात, त्या जीवांना मासे आणि माकूळ खातात. अशी ती अळी माशाच्या आतड्यांभोवती वेटोळं करून बसते. दोन-तीन सेंटिमीटर लांब, पांढुरकी, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. बांगड्याच्या कुळातला सबा, माकूळ, हेरिंग, कॉड, समुद्रातून पकडलेला सॅल्मन यांत ती हमखास भेटते. प्रकाशाच्या टेबलावर माशाचे काप ठेवून खालून उजेड टाकला की ती दिसते. मी ती हजारदा पाहिली असेन, तरी अजूनही जाड कापात लपलेली एखादी नजरेतून सुटते. म्हणून नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवणारी जागा मला पुरेशी वाटत नाही.

माणसाच्या पोटात ही अळी वाढू शकत नाही, पण मरण्याआधी जठराच्या किंवा आतड्याच्या अस्तरात तोंड खुपसायचा प्रयत्न करते. त्यातून उठणारी कळ फार भयंकर असते. जपानमध्ये अन्नविषबाधेच्या सरकारी नोंदीत अनिसाकिसचा स्वतंत्र रकाना आहे आणि अलीकडच्या वर्षांत घटनांच्या संख्येत तो वारंवार पहिला आला आहे. कच्चा मासा कसा हाताळायचा हे जगात सर्वांत चांगलं जाणणाऱ्या देशात हे घडतं. यावरून नुसतं कौशल्य पुरत नाही हे लक्षात यावं.

पुरतं ते गोठवणं. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे कच्चा खायचा मासा उणे २० अंश सेल्सिअसला किमान २४ तास किंवा उणे ३५ अंशांना किमान १५ तास गोठवायचा असतो, आणि हे तापमान माशाच्या गाभ्यापर्यंत पोहोचलं पाहिजे. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन जास्त कडक आहे: उणे २० अंशांना ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांना पूर्ण गोठवून तिथेच १५ तास. शिजवायचा असेल तर ६० अंशांना एक मिनिट पुरतं, पण शिजवलं की निगिरीची चव गेली, म्हणून थंडीचा मार्ग.

इथे बहुतेकांच्या समजुतीला धक्का बसतो. लोक विचारतात, मासा ताजा आहे ना? जंतांच्या बाबतीत आज सकाळी पकडलेला मासा हा आठवडाभर गोठलेल्या माशापेक्षा जास्त धोकादायक असू शकतो, कारण त्यातली अळी जिवंत आहे. शिवाय मासा मेल्यानंतर पोट लवकर साफ केलं नाही तर आतड्यांभोवतीच्या अळ्या मांसात सरकतात. त्यामुळे "आमच्याकडे कधीच न गोठवलेला मासा असतो" असं कुणी अभिमानानं सांगितलं की मी लगेच विचारते, कोणता मासा? त्याच्या उत्तरावर माझं खाणं ठरतं.

कारण याला अपवाद आहेत. मोठ्या जातीचे टूना अमेरिकेच्या नियमातही गोठवण्याच्या सक्तीतून सुटलेले आहेत, त्यांच्या मांसात हे जंत क्वचित असतात. दुसरा अपवाद शेतीतल्या सॅल्मनचा. त्याची गोष्ट मला फार आवडते. जपानी लोक पूर्वी सॅल्मन कच्चा खात नसत. त्यांच्या समुद्रातल्या सॅल्मनमध्ये जंत असतात हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, म्हणून तो खारवून किंवा भाजून खायचे. १९८० च्या दशकात नॉर्वेनं आपला पिंजऱ्यात वाढवलेला अटलांटिक सॅल्मन जपानला विकायचा प्रयत्न सुरू केला. हा मासा कोरडं, कारखान्यात तयार केलेलं खाद्य खातो. जिवंत भक्ष्य त्याच्या तोंडात जात नाही, त्यामुळे जंताची साखळी तुटते. जपानी ग्राहकांना पटायला बरीच वर्षं लागली, आणि आज सॅल्मन निगिरी तिथल्या मुलांचीही आवडती आहे. माशानं काय खाल्लं यावर तो आपल्याला कच्चा खाता येईल का हे ठरतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

व्हिनेगरात मुरवलेला सबा सुरक्षित असतो, वसाबीनं जंत मरतात, सोया सॉसमध्ये बुडवलं की झालं, अशा गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. यातलं काहीही खरं नाही. अनिसाकिसची अळी जठराच्या आम्लात तग धरते, ती व्हिनेगराला काय भीक घालणार! वसाबीतल्या तिखट द्रव्याचा जीवाणूंवर थोडाफार परिणाम प्रयोगशाळेत दिसतो, पण बहुतेक ठिकाणी ताटात येणारा हिरवा गोळा हा हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग यांचं मिश्रण असतो. तो चवीसाठी आहे. त्याला औषध समजू नका.

पाकिटावरचे "सुशी ग्रेड" किंवा "साशिमी ग्रेड" हे शब्दही नीट समजून घ्या. अमेरिकेत या शब्दांना कायद्यानं ठरवलेला काहीच अर्थ नाही. प्रामाणिक विक्रेता ते योग्य गोठवलेल्या उत्तम मालासाठी वापरतो, पण त्या शब्दामागे कुणाचा शिक्का नसतो. म्हणून शब्दावर थांबू नका. कुठल्या तापमानाला, किती दिवस गोठवला, एवढं विचारा. काम जाणणाऱ्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

घरी सुशी करणाऱ्यांना मी एक गोष्ट कळकळीनं सांगते. गोड्या पाण्यातला मासा कच्चा कधीही वापरू नका. नदी-तळ्यांतल्या माशांमधले यकृतकृमी वर्षानुवर्षं पित्तनलिकेत राहतात. ओपिस्थोर्किस विव्हेरिनी आणि क्लोनोर्किस सायनेन्सिस या दोन कृमींना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. ईशान्य थायलंडमध्ये कच्चे गोडे मासे खाण्याची जुनी सवय आणि पित्तनलिकेच्या कर्करोगाचं मोठं प्रमाण यांचा थेट संबंध आहे. जीवाणूंचं सांगायचं तर २०१५ साली सिंगापूरमध्ये गोड्या पाण्यातले कच्चे मासे खाल्ल्यानं स्ट्रेप्टोकॉकसच्या एका प्रकाराची साथ आली. मोठा आजार नसलेल्या प्रौढांच्याही रक्तात जंतुसंसर्ग पसरला, काहींच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचला. त्या वर्षाच्या अखेरीस तिथल्या सरकारनं खाण्यासाठी तयार कच्च्या पदार्थांत गोड्या पाण्यातला मासा वापरायला बंदी घातली. तिथे त्या माशांचे पातळ काप आवडीनं खाल्ले जात, तरीही हा निर्णय झाला.

घरच्या फ्रीझरबद्दलही विचारणा होते. साधारण घरगुती फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास चालतो, दिवसातून दहा वेळा उघडतो आणि माशाचा जाड तुकडा गाभ्यापर्यंत थंड करायला फार वेळ घेतो. जंत मारण्यासाठी मी त्यावर विसंबत नाही. घरी करायचीच असेल तर आधीच योग्य गोठवलेला मासा आणा, फ्रिजमध्ये खालच्या खणात हळूहळू सुटू द्या आणि त्याच दिवशी संपवा.

आता दुसरी बाजू. गोठवण्यानं जंत मरतात, जीवाणू मरत नाहीत. ते झोपतात, आणि मासा सुटला की जागे होतात. हा फरक मी शिकाऊ मुलांना पहिल्याच दिवशी सांगते, कारण पुढच्या बहुतेक चुका इथूनच होतात. २०१२ साली अमेरिकेत गोठवलेल्या टूनामुळे साल्मोनेलाची साथ आली, २८ राज्यांत आणि राजधानीत मिळून ४२५ लोक आजारी पडले. तो मासा होता "नाकाओची", म्हणजे टूनाच्या काट्यांना चिकटलेलं मांस खरवडून केलेला कीस. तिखट टूनाच्या रोलमध्ये असाच खिमा वापरतात. हे समजायला सोपं आहे. अख्ख्या तुकड्याचा आतला भाग बराच स्वच्छ असतो, जीवाणू पृष्ठभागावर असतात. मांस खरवडलं, मळलं की पृष्ठभागच सगळीकडे मिसळतो. म्हणून यादीतल्या मसालेदार खिम्याच्या रोलपेक्षा मी साधा काप घेते. खिम्यात जुन्या मालाची चव लपवणंही सोपं असतं, हे मी पाहणीत एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे.

समुद्राचा स्वतःचा जीवाणू म्हणजे व्हिब्रिओ पॅराहेमोलिटिकस. १९५० साली ओसाकामध्ये शिरासू नावाचे बारीक, अर्धवट सुकवलेले मासे खाऊन २७२ लोक आजारी पडले आणि २० जण दगावले, त्या तपासात त्सुनेसाबुरो फुजिनो यांना तो सापडला. अनुकूल उबेत तो दहा मिनिटांच्या आत दुप्पट होतो. तासाभरात एकाचे किती होतात याचा हिशेब करून पाहा, म्हणजे काउंटरवर तासभर पडलेला काप मी का खात नाही ते कळेल. पाच अंशांखाली त्याची वाढ थांबते. कच्ची कालवं आणि शिंपल्या यांत त्याचाच भाऊ व्हिब्रिओ व्हल्निफिकस असू शकतो, आणि यकृताचा आजार असलेल्या माणसासाठी तो प्राणघातक ठरतो. अशा माणसानं कच्चे शिंपलेवर्गीय जीव खाऊच नयेत.

मासा थोडा वेळ जरी गरम राहिला तरी आणखी एक प्रकार घडतो, आणि तो शिजवूनही जात नाही. टूना, सबा, बोनिटो यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. जीवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. एकदा झालं की गोठवा, भाजा, काही करा, ते तसंच राहतं. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात, छाती धडधडते. माणूस समजतो आपल्याला माशाची अ‍ॅलर्जी आहे आणि आयुष्यभर मासा सोडतो. खरं तर तो मासा बोटीवर किंवा वाहतुकीत नीट थंड ठेवलेला नव्हता. जिभेवर मिरपुडीसारखी चुणचुण जाणवली तर घास तिथेच थांबवा.

रंगावर फसू नका. टूनाचा काप हवेत राहिला की तपकिरी पडतो. तो तसा पडू नये म्हणून चांगली ठिकाणं त्याला उणे ६० अंशांना ठेवतात. दुसरे काही जण त्यावर कार्बन मोनॉक्साइड सोडतात, मग मासा शिळा झाला तरी टरबुजासारखा गुलाबी-लाल दिसतो. जपान आणि युरोपीय संघ यांनी अशी प्रक्रिया केलेला टूना विकायला बंदी घातली आहे. वायूनं मासा विषारी होत नाही, पण डोळ्यांना मिळणारी सूचना पुसली जाते. खूप चकचकीत, एकसारखा लाल टूना दिसला की मी दुसरं काहीतरी मागवते. तसंच "व्हाइट टूना" या नावाखाली कधीकधी एस्कोलार नावाचा मासा वाढतात. त्याची चरबी आपल्याला पचत नाही, तेलकट जुलाब होतात. जपाननं त्याची विक्री १९७७ सालीच थांबवली.

माशाची एवढी चर्चा होते, पण पाहणीला गेल्यावर मी आधी हात घालते तो भाताला. तांदळात बॅसिलस सेरेयस नावाच्या जीवाणूचे बीजाणू असतात, ते भात शिजताना मरत नाहीत. शिजलेला भात खोलीच्या तापमानाला राहिला की ते उगवतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. सुशीचा भात मात्र फ्रिजमध्ये ठेवला तर कडक होतो, म्हणून तो कोमटच ठेवावा लागतो. मग त्याला वाचवणार कोण? व्हिनेगर. भाताची पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (ते जितकं कमी तितका आंबटपणा जास्त), ४.६ च्या खाली गेली की हे बीजाणू वाढू शकत नाहीत. चांगल्या स्वयंपाकघरात प्रत्येक घाण्याच्या भाताची पीएच मोजून वहीत लिहिलेली असते. ग्राहकांना आंबट आवडत नाही म्हणून व्हिनेगर कमी केलेलं आणि भात सकाळपासून संध्याकाळपर्यंत तसाच ठेवलेला, असं मी पाहिलं आहे. मासा तिथे उत्तम होता. तरीही मी आधी तो भात टाकायला लावला.

हातांविषयी थोडक्यात. सुशी हातानं दाबतात आणि पुढे शिजवत नाहीत, त्यामुळे कारागिराच्या हातावरचा नोरोव्हायरस थेट तुमच्या पोटात जातो. उलट्या-जुलाब होत असलेल्या माणसानं त्या दिवशी आणि बरं वाटल्यावरही दोन दिवस स्वयंपाकघरात येऊ नये. याला दुसरा उपाय नाही.

पाऱ्याचं गणित वेगळं आहे. ते एका जेवणाचं नाही, महिन्यांचं आहे. पाण्यातला पारा जीवाणूंमुळे मिथाइल मर्क्युरी होतो आणि छोट्या माशाकडून मोठ्याकडे साठत जातो. जपानमधल्या मिनामाता इथे कारखान्याच्या सांडपाण्यातून हा पारा खाडीत गेला. १९५६ साली आजाराची अधिकृत नोंद झाली, आणि गर्भातल्या बाळांचे मेंदूसुद्धा त्यानं निकामी केले. आज ताटातल्या माशात तेवढा पारा नसतो, पण जातीजातींत फरक प्रचंड आहे. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या मोजणीत बिगआय टूनात सरासरी सुमारे ०.६९ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) पारा आढळतो, सॅल्मनमध्ये सुमारे ०.०२. म्हणजे तीसपटीहून जास्त. गोठवून, शिजवून तो कमी होत नाही. दर आठवड्याला सुशी खाणाऱ्यांनी मोठा टूना अधूनमधूनच घ्यावा, एरवी सॅल्मन, कोळंबी, वाम, माकूळ, अंडं यांवर राहावं.

आता तुमच्या घरातल्या तरुणांचा दावा, सुशी पौष्टिक असते हा. अर्धा खरा आहे. सॅल्मनसारखा मासा उत्तम प्रथिनं देतो, ड जीवनसत्त्व देतो, आणि हृदयाला व मेंदूला उपयोगी ओमेगा-३ मेदाम्लं देतो. शेतीतल्या सॅल्मनच्या १०० ग्रॅममध्ये ती दोन ग्रॅमच्या आसपास मिळतात. नोरी, म्हणजे शेवाळाचा तो कागदासारखा पापुद्रा, आयोडीन देतो. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी त्यावर रोज ताव मारू नये, एवढंच. पण निगिरीत मासा किती असतो? दहा-पंधरा ग्रॅम. रोलमध्ये त्याहून कमी. उरलेला ऐवज पांढरा भात, आणि त्यात व्हिनेगरासोबत साखर. दोन वाट्या तांदळाला दोन-तीन मोठे चमचे साखर ही नेहमीची मापं आहेत. जाड रोल खाल्ला की वाटीभर भात नकळत पोटात जातो, दोन रोलांत दोन वाट्या. वर तळणाचा चुरा आणि मेयोनीज असेल तर "तेल नाही, तूप नाही" हेही खरं उरत नाही.

तुम्हाला मधुमेह आहे म्हणून माझा सल्ला असा. सुरुवात साशिमी, उकडलेले हिरवे सोयाबीन किंवा शेवाळाच्या कोशिंबिरीनं करा. मग चार-सहा निगिरी घ्या आणि कारागिराला भात कमी दाबायला सांगा, बहुतेक जण आनंदानं ऐकतात. व्हिनेगरामुळे साखर थोडी सावकाश चढते हे खरं, पण त्या जोरावर दुसरा रोल मागवू नका. जेवणानंतर दोन तासांनी एकदा स्वतःची साखर मोजा. कुणाच्याही तक्त्यापेक्षा तो आकडा तुम्हाला जास्त सांगेल. इन्सुलिन घेत असाल तर भाताचा अंदाज आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा. मिठाकडेही बघा. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा २००० आहे. निगिरी उलटी करून फक्त माशाची कड सॉसला लावा. जपानी कारागीरही तसंच सांगतात, कारण भात बुडवला की तो स्पंजासारखा सॉस पितो.

तुमच्या बहिणीला कच्च्या माशापासून लांब राहायला सांगते त्याचं मुख्य कारण लिस्टेरिया. हा जीवाणू फ्रिजच्या तापमानालाही वाढतो, म्हणजे थंड ठेवण्याचा सगळा बंदोबस्त त्याच्यापुढे तोकडा पडतो. आईला जरासा ताप येतो, कधी तोही नाही, पण गर्भपात किंवा मृत बाळ जन्मणं इथपर्यंत परिणाम होऊ शकतो. लक्षणं खाल्ल्यानंतर कित्येक आठवड्यांनीही दिसतात. न शिजवलेला धुरावलेला सॅल्मन कच्च्यातच मोजावा, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. तिच्यासाठी ताजी केलेली काकडीची गुंडाळी, अंड्याची निगिरी, टोफू, गरम भाजलेली वाम, पूर्ण शिजलेली कोळंबी हे सगळं आहे, फक्त ते कच्च्या माशाच्याच पाटीवर आणि सुरीनं कापलेलं नसावं, हे आवर्जून विचारा. मासा मात्र तिनं सोडू नये. कमी पाऱ्याचा, नीट शिजवलेला मासा आठवड्यातून दोन-तीनदा तिला आणि बाळाला हवाच आहे.

हीच मनाई लहान मुलांना, खूप वयस्कर माणसांना, केमोथेरपी चालू असलेल्यांना, अवयव रोपण झालेल्यांना आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना लागू आहे. आम्लपित्तासाठी रोज गोळी घेणाऱ्यांचा विचार सहसा कुणी करत नाही. जठरातलं आम्ल हे आपलं पहिलं संरक्षण आहे, ते गोळीनं कमी झालं की थोडे जीवाणूही आजारी पाडायला पुरतात. अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो आणि खेकड्याची म्हणून मिळणारी कांडी मुळात माशाचा लगदा, अंड्याचा पांढरा भाग आणि स्टार्च यांची असते.

मी स्वतः बाहेर खाते तेव्हा आधी वास घेते. सुशीच्या जागी समुद्राचा हलका वास यावा, माशाचा घमघमाट येऊ नये. काचेच्या थंड पेटीत काप एकमेकांवर रचलेले नसावेत. गर्दी असलेली वेळ निवडते, कारण माल फिरत राहतो. फिरत्या पट्ट्यावरची ताटली किती वेळ फिरते आहे हे कळत नसेल तर ती न घेता नवी करून मागते. तयार डबा घेतला तर बनवल्याची वेळ वाचते, थंड पिशवीतून नेते आणि त्याच दिवशी खाते.

एवढं सांभाळूनही कधी त्रास झाला तर वेळ नोंदवा, ती फार उपयोगी पडते. काही मिनिटांत चेहरा लाल झाला तर हिस्टामाइन. एक ते सहा तासांत नुसत्या उलट्या झाल्या तर भाताचा संशय घ्या. बारा तासांनंतर पाण्यासारखे जुलाब, ताप आला तर व्हिब्रिओ, साल्मोनेला किंवा नोरोव्हायरस. श्वासाला त्रास, शौचात रक्त, लघवी कमी होणं यांपैकी काही असेल तर घरी थांबू नका. आणि कच्चा सबा किंवा माकूळ खाल्ल्यावर काही तासांत पोटाच्या वरच्या भागात मुरडून टाकणारी कळ आली, जुलाब मात्र नाहीत, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की कच्चा मासा खाल्ला आहे. हे न सांगितल्यामुळे अल्सर किंवा अपेंडिक्स समजून उपचार सुरू होतात. मासा कोणता, किती वाजता खाल्ला आणि दुखणं किती वाजता सुरू झालं एवढं कळलं, तर एंडोस्कोपी करून ती अळी चिमट्यानं काढता येते, आणि ती निघाली की कळ बहुधा लगेचच थांबते.